माग का थांबतो? आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अनुभव

दोन कारखान्यांच्या गेटवरूनच आम्ही चौघं परत आलो होतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तिसऱ्या मालकांनी मात्र कॉलेजचं पत्र वाचलं, चहा मागवला आणि संमतिपत्रावर सही केली.

कॅमेऱ्याने टॉवेलमधले दोष शोधायचे, असा आमचा विषय होता. मालक म्हणाले, "दोष आमच्या कामगार बायकांच्या हाताला कळतात. माग दिवसातून किती वेळ उभा राहतो आणि कशामुळे, ते शोधून द्या." सरांनी विषय बदलू दिला, पण आधी दोन आठवडे मागापाशी उभं राहून वहीत नोंदी करायला सांगितलं.

सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, हे मी पाठ केलं होतं. टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) लागतात, एक ताठ ओढलेला आणि एक सैल, आणि त्या सैल सुताचीच लव उठते, हे जॉबर (माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे) अण्णांनी दाखवलं तेव्हा कळलं. त्या खडखडाटात नुसत्या आवाजावरून अण्णा सांगायचे, "चार नंबरची कांडी संपत आली बघ." कांडी म्हणजे धोट्यातली आडव्या सुताची गुंडाळी.

मागाचा मुख्य शाफ्ट एकदा फिरला की बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडतो. म्हणून फेरे मोजायला आम्ही प्रकाशावर चालणारा सेन्सर लावला. तिसऱ्याच दिवशी त्यावर कापसाचं तूस बसलं आणि मोजणी बंद. मग शाफ्टवर चुंबक आणि समोर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की ओळखणारा सेन्सर, बसवला. त्याला तुसाने काही फरक पडत नाही. फेरे थांबले की कामगाराने कारणाचं बटण दाबायचं: सूत तुटलं, कांडी संपली, बीम नाही, वीज गेली, दुरुस्ती.

पहिला आठवडा कुणीच बटण दाबलं नाही. एका काकांनी सरळ विचारलं, "हे आमची मजुरी कापायला लावलंय का?" त्यांना मजुरी मालावर मिळते. हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता, याची मला आजही लाज वाटते. मालकांशी पुन्हा बसलो. नोंद मागाच्या नंबरवर होईल, कुणाच्या नावावर नाही, आणि आकडा कामगाराला समोर दिसेल, असं ठरलं. त्यानंतर काकांनीच बटणांची जागा बदलायला लावली. त्यांचा उजवा हात मागाच्या दांड्यावर असतो, म्हणून बटणं डावीकडे आली.

महिनाअखेरीस दिसलं की माग सर्वांत जास्त वेळ उभा राहिला तो नव्या बीमची वाट बघत. त्यात विणकराचा काहीच दोष नव्हता. मालकांनी तो कागद दोनदा वाचला आणि पुढच्या बीमची तयारी आधीच सुरू करायला सांगितलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अचूकता विचारली, तेव्हा हाताने केलेल्या नोंदींची वहीच कामी आली. निकालानंतर सर्किटचा नकाशा द्यायला गेलो, तर अण्णांनी प्रत्येक बटणाखाली मराठीच्या जोडीने तेलुगूतही नाव लिहून ठेवलं होतं.