पुढे बारक्या

फुटबॉलचा सराव संपल्यावर सरांनी बाजूला घेतलं. ‘‘रविवारी तू राइट बॅक. पुढे बारक्या.’’ म्हणजे मी मागे, उजवीकडच्या बचावात. मी ‘‘हो सर’’ म्हटलं आणि बुटांच्या नाड्या सोडत बसलो. आता बारा वाजत आलेत, तरी ते ‘पुढे बारक्या’ कानातून जात नाही.

पोरगा चांगलाच खेळतो. त्याच्याबद्दल तक्रारच नाही.

उजव्या बगलेची ती रेषेलगतची पट्टी इतकी वर्षं माझी होती. समोर एकटा बचावपटू, आणि पहिल्या तीन पावलांत काय ते ठरायचं. ती पावलं हल्ली उशिरा पडतात. गुडघ्याचं आज लिहीत नाही. घरी काय बोलणं झालं तेही राहू दे. पण हे फक्त मलाच ठाऊक आहे असं समजत होतो. सरांनाही दिसत होतं, हे लागलं. ‘चालेल ना?’ एवढं तरी विचारायचं. नाही विचारलं.

मग स्पेनचा हेसुस नवास आठवला. घरापासून लांब गेलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून तरुणपणी संघाच्या शिबिरांतून परत येणारा. तोच २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला, आणि ११६व्या मिनिटाला त्याच्या संघातल्या इनिएस्टाने केलेला गोल सुरू झाला तो नवासच्या उजवीकडच्या धावेतून. पुढे वय वाढलं तसा तो राइट बॅक झाला. २०२४च्या युरो स्पर्धेत, फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, ३८व्या वर्षी खुब्याचं जुनं दुखणं घेऊन तो फ्रान्सच्या वेगवान एम्बापेसमोर उभा होता. आणि त्याच्या पुढे, त्याच्याच जुन्या जागेवर, १६ वर्षांचा लामिन यमाल. नवासने विश्वचषक जिंकला तेव्हा यमालला तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

मागून ती पाठ बघताना त्याला काय वाटलं असेल? आज सगळा वेळ हेच मनात घोळतंय. यमालने त्याच सामन्यात बरोबरीचा गोल केला. नवासला वाईट वाटलं असेल, असं मला काही केल्या वाटत नाही.

नवास उजव्या पायाचा. गोलरेषेपर्यंत धावायचं आणि क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर चेंडू, टाकायचा, हा त्याचा खेळ, माझाही तोच. यमाल डाव्या पायाचा, नेदरलँड्सच्या रॉबेनसारखा आत वळून मारणारा. बारक्याही डाव्या पायाचाच. म्हणजे तो आत वळणार, बचावपटू त्याच्या मागे जाणार, आणि बाहेरची पट्टी मोकळी होणार. ती मागून येणाऱ्याची. धाव लांब पडेल, पण सुरुवात दुरून असल्यामुळे पहिल्या तीन पावलांवर सगळं अडणार नाही.

बारक्या आत वळताना हाक देतो की नुसताच वळतो, हे मी कधी नीट पाहिलेलंच नाही. उद्या विचारतो त्याला.