गोगलगायीसाठी गगनबावडा

भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. फुलपाखरं बघायला जायचं म्हणाली असती, तर घरातले सगळे गाडीत बसले असते. गोगलगायी म्हटल्यावर मी एकटाच उरलो, तेही गाडी माझी म्हणून. भर पावसातच का, तर उन्हाळ्यात त्या शंखाचं तोंड चिकट पडद्यानं बंद करून पडून राहतात, म्हणे.

कळे, साळवण, गगनबावडा. वाटेत गर्दी, भजी, गाड्यांच्या डिकीतून वाजणारे स्पीकर. त्यावर लिहून मी माझं डोकं फिरवून घेणार नाही.

घाटाच्या अलीकडं जांभ्याच्या एका ओल्या बांधाशी ती उकिडवी बसली आणि तास झाला तरी उठेना. मी छत्री धरून उभा, पायाला जळू. शेवटी तिनं कुजलेलं पान उलटलं. खाली तांदळाच्या दाण्याएवढी शंखी.

"नवी जात असेल काय गं?"

"नुसत्या शंखावरून कुठं कळतंय, मामा? आतली जननेंद्रियं बघावी लागतात, जिभेवरचे दात सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. डीएनए वेगळाच. मग जुन्या नमुन्यांशी ताडायचं, आणि त्यातले कितीतरी लंडनच्या संग्रहालयात."

फुलपाखरांचंही तेच, म्हणाली, नुसत्या पंखांवर भागत नाही, पोटाचं टोक कापून बघतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू, ते मोठं निळंकाळं, त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅमस्टरडॅमच्या क्रॅमर नावाच्या व्यापाऱ्यानं १७७५ साली ठेवलेलं. आता नवं फुलपाखरू सापडणं दुर्मीळ, गोगलगायींत मात्र अजून बरंच काम पडलंय. आंबोलीची वरादिया अंबोलिएन्सिस २०२१ मधली. नुसती जात नाही, अख्खी प्रजातीच, म्हणजे जातींच्या वरचा गटच नवा. शंख इतका लहान की अंग त्यात मावतच नाही. नाव दिलं सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांचं.

"मग ही घे की बाटलीत!"

"परवानगी नाही. वनखात्याचं पत्र लागतं." आणि तिनं पान होतं तसं उलटं घातलं.

माझी चिडचिड झाली. शेतात सोयाबीन खाणाऱ्या आफ्रिकन शंख्या आम्ही बादल्या भरभरून मिठात मारतो, त्याला कुणाचं पत्र लागत नाही! त्यावर ती हसली. ती आफ्रिकन शंखी १८४७ साली कलकत्त्यात सोडली बेन्सन या इंग्रजानं, आणि भारतातल्या ढीगभर गोगलगायींना शास्त्रीय नावं देणाराही हाच. म्हणजे सोयाबीनचे पैसे कुणाकडं मागायचे ते कळलं.

परवानगी आल्यावर काय करणार, तेही सांगितलं तिनं. बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची, शंखी आत टाकून झाकण लावायचं, रात्रभर तशीच ठेवायची. जीव गुदमरून अंग बाहेर सोडतो, मग अल्कोहोल. जात नवी निघाली, तर त्यातला एक नमुना तिच्या नावाचा कायमचा पुरावा. नाव नसलं तर कागदावर ती जात नाहीच, आणि कागदावर नसलेल्या जातीसाठी रस्त्याचं काम कोण थांबवतंय, असं तिचं म्हणणं. पटलं मला. आवडलं नाही. गाडीत बराच वेळ आम्ही त्यावरून भांडलो.

जेवण बावड्यातच उरकलं. पांढऱ्या रश्शात नारळ कमी, मैदा जास्त. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर असला रस्सा वाढायला छाती लागते.