जुन्या मोसिन नागांतची साफसफाई

लष्कराच्या गोदामातून आलेली १८९१ च्या डिझाईनची मोसिन नागांत ही रशियन रायफल हातात घेतली की आधी चिकट तपकिरी ग्रीसच लागतं, ते कॉस्मोलिन. बंदूक रिकामी आहे ना हे डोळ्याने आणि बोटाने दोन्ही तपासायचं, मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढायचा आणि कामाला लागायचं. कॉस्मोलिन उष्णतेने वितळतं, मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायचं द्रावण) उरलेलं निघतं, पण बोल्टच्या आत फायरिंग पिनपाशी (काडतुसावर आपटणारी सुई) ते हमखास दडून बसतं म्हणून तो पूर्ण खोलाच.

आता खरा मुद्दा. लष्कराच्या जुन्या उरलेल्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं, बार उडाला की त्याचं क्षार नळीत राहतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि गंज धरतो. तेल कितीही ओता, क्षार तेलात विरघळतच नाही! त्याला पाणीच लागतं. गरम पाणी चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) बाजूने नळीतून सोडायचं, कोरड्या चिंध्या फिरवायच्या, त्या स्वच्छ निघाल्या की मग तेलाचा पातळ हात. बोल्टचं तोंडही विसरू नका.

आणि लाकडी दस्त्याला प्लीज पॉलिश पेपर लावू नका, त्यावरचे कारखान्याचे शिक्के एकदा घासले गेले की गेलेच, मला हे बघवत नाही. बॉइल्ड जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरतात, फक्त त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा.