तुम्ही विचारलंत म्हणून: जोडीतला एक ससा आजारी पडला तर दुसऱ्याला वेगळं ठेवायचं का?

बहुतेक वेळा नको. शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या घरांत साथीची धास्ती असते, ती रास्तच आहे. पण सशाचं दुखणं बरेचदा पोटाचं नाहीतर दातांचं असतं, ते जोडीदाराला लागत नाही. शिंका येत असतील, नाक वाहत असेल, तर दोघांनाही दाखवा; लक्षण दिसेपर्यंत दुसरा त्याच्याच अंगाला अंग लावून बसलेला असतो.

खरी अडचण आधीची असते: आजारी कोण आहे, हेच कळत नाही. ताट एक, लेंड्या एकाच ट्रेमध्ये. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला हातानं कोथिंबिरीची काडी द्यावी. ज्यानं तोंड फिरवलं त्याला तीन-चार तास मध्ये जाळी लावून शेजारीच ठेवा आणि लेंड्या मोजा. त्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, ससा पाठीला पोक काढून बसला, दात करकर वाजवू लागला, की उद्यावर ढकलू नका. दहा-बारा तास उपाशी राहिलेल्या सशाचं आतडं मंदावतं आणि त्यात तो दगावू शकतो.

डॉक्टरकडे दोघांना एकाच पिंजऱ्यात न्या. एकट्यानं परत आलेल्याच्या अंगाला स्पिरिटचा वास येतो, घरचा त्याला परका समजतो आणि मारामारी होते. सशावर उपचार करतात का, हे डॉक्टरांना ससे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. ऐन वेळी सोलापूरहून पुण्याचे अडीचशे किलोमीटर फार लांब वाटतात. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे कधीच देऊ नये. त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जातो.

भरवायला डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्या. पोट फुगून टणक झालं असेल तर अजिबात नाही. सशाच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सोलापुरी टॉवेलमध्ये ससा घट्ट गुंडाळा, पण उताणा करू नका. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागून, गालाच्या बाजूनं घालून एका वेळी अर्धा ते एक मिली द्या आणि गिळू द्या. घाई केली तर लापशी फुप्फुसात जाते. एका खेपेला किलोमागे साधारण १० मिली, दर चार-सहा तासांनी.

त्याआधी अंगाचं तापमान बघा. निरोगी सशाचं ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असतं. ३८ च्या खाली गेलं तर आधी ऊब, मग भरवणं. इथे सोलापूरच्या उन्हाळ्यात पेच पडतो: बाहेर ४२ अंश असताना धडधाकटाला कूलर हवा आणि आजाऱ्याला ऊब. खोली गारच ठेवा, कूलरचा झोत अंगावर नको, आणि एका कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. ज्याला हवी तो तिला टेकेल, नको तो लांब सरकेल.

वेगळं ठेवायचं ते ऑपरेशननंतर दुसरा टाके चाटत असेल तर, किंवा आजाऱ्यावर चढत, त्याला हुसकत असेल तर. तेव्हाही मध्ये फक्त जाळी, आणि दोघांखालची फडकी रोज अदलाबदल करायची. नर नुकताच खच्ची केला असेल आणि मादीची नसबंदी झालेली नसेल, तर मात्र सहा आठवडे लांबच ठेवा. तोवर त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात.

आणि एक गेलाच, तर देह लगेच उचलू नका. दुसऱ्याला दोन-तीन तास त्याच्याजवळ राहू द्या. तो हुंगेल, ढोसेल, मग बाजूला होईल. त्यानंतर आठवडाभर कोथिंबिरीची काडी चुकवू नका, कारण आता खाणं सोडण्याची पाळी त्याची असते.