एकमत लवकर झालं की मला धास्ती वाटते

आमच्या गोव्यात फोंड्याकडे शिगमो, म्हणजे शिमगा, जवळ आला की मंडळाची मीटिंग बसते, विषय एकच, यंदा चित्ररथ काय करायचा, आणि अध्यक्ष बसल्या बसल्याच सांगून टाकतात की उंच हलता पुतळा करूया, बक्षीस आपलंच. मग काय, सगळे बरं बरं. मिरवणुकीच्या वाटेवर लाईटच्या तारा किती खाली आल्यात हे ज्याला नक्की ठाऊक तो वायरमन तिथंच भजी खात बसलेला, पण तो गप्प. बाहेर स्कूटर चालू करताना मात्र हळूच म्हणतो, "हें जावचें ना रे!", म्हणजे हे काही व्हायचं नाही. खरी मीटिंग आमच्याकडे स्कूटरींपाशीच होते.

गटाचं एकमत मोडू नये म्हणून मनातली शंका मनातच ठेवायची, यालाच ग्रुपथिंक म्हणतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्यातला बे ऑफ पिग्जचा किस्सा तर थेट आमच्या मंडळातला वाटतो. १९६१ साली अमेरिकेत केनेडीच्या सरकारने कॅस्ट्रोची सत्ता उलथवायला सुमारे १४०० क्यूबन निर्वासितांना क्यूबात या किनाऱ्यावर उतरवलं आणि तीनेक दिवसांत सगळा बेत फसला. सल्लागार श्लेसिंजरला तो बेत पटला नव्हता, त्याने केनेडीला लिहूनही दिलेलं, पण भर बैठकीत तोंड उघडलं नाही, वर रॉबर्ट केनेडीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की भावाचं ठरत आलंय, आता ताणू नको. म्हणजे माणसं हुशार होती हो, पण भिडस्त.

पुढच्याच वर्षी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचं प्रकरण आलं तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेलाच नाही, साहेब समोर नसला की लोक मोकळे बोलतात म्हणून. आमच्या अध्यक्षांना हे कोण सांगणार!

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग मला याहून आवडतात. रेघांची लांबी ओळखायची, एवढं सोपं काम, पण बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात आणि ते ऐकून बिचारा खरा उमेदवार साधारण तीनातल्या एका वेळी चुकतो. त्यांच्यातला एक जरी फुटला तरी हे प्रमाण धाडकन खाली येतं, आणि गंमत म्हणजे फुटलेल्याचं उत्तर बरोबर असायलाही लागत नाही, तो वेगळं बोलला एवढंच पुरतं.

आमचे खजिनदार काका प्रत्येक ठरावाला आडवे येतात, बहुतेक वेळा उगाचच. त्यांना यंदा कमिटीतून काढायचं घाटतंय. माझं मत त्यांच्या बाजूने.