कमरेचं वजन घरी ओतलं

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकायला लागलो तेव्हा सगळंच सामान घरी करावं असं मनात होतं. सुरुवात श्वासाच्या नळीपासून केली. बागेच्या पाइपाचा तुकडा तोंडात धरून विहिरीत उतरलो. भाऊ काठावर उभा होता. जेमतेम मीटरभर खाली गेलो आणि छाती फुलेचना. एवढ्याशा पाण्याचाही दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम भार पडतो, आणि नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची. शिवाय सोडलेला श्वास नळीत अडकून तोच पुन्हा आत येतो. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी रेग्युलेटर केला तो याचसाठी: माणूस ज्या खोलीवर असेल तिथल्या दाबाची हवा, ओढली तेवढीच द्यायची. सिलिंडरमधली २०० बारची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाची, हवा अशी उतरवणारं यंत्र घरी करायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. विकतचंच घ्यायचं, तपासून घ्यायचं.

वजनाचा पट्टा मात्र जमण्यासारखा होता. रबरी सूट अंगावर असला की माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिसं लागतं. आमच्या मालवणात रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, लोक जाळ्यांसाठी शिसं वापरतात. शेजारच्या काकांनी जुन्या जाळ्यांचं शिसं काढून दिलं. जुन्या बॅटरीचं घेऊ नको, त्यात ऍसिड आणि विषारी धातू असतात, हे मी आधीच वाचलं होतं.

साचा लोखंडी पत्र्याचा: ८ सेंटिमीटर लांब, ७ रुंद, १.६ खोल. पट्टा ओवायला दोन फटी हव्यात, म्हणून आत दोन जाड पट्ट्या उभ्या ठेवल्या. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, चुलीवर सहज होतं. पण ओतण्याआधी काकांनी हात धरला. "साच्यात पाण्याचो थेंब रवलो तर शिसां उडतलां. डोळे सांभाळ." आम्ही साचा निखाऱ्यावर कोरडा तापवला. चष्मा, चामडी हातमोजे, मास्क, वारा पाठीशी, मुलं घरात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही.

एक वडी ९१० ग्रॅम भरली. पाच ओतल्या, कानसीने कडा घासल्या, वरून ऑइल पेंटचे दोन हात दिले, म्हणजे हाताला शिसं लागत नाही. नायलॉनचा पट्टा आणि बकल विकत आणलं. बकल एका हाताने झटक्यात सुटायला हवं, तिथे काटकसर करायची नाही.

मग खरा हिशोब. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारने भरलेली हवा जवळजवळ तीन किलोची असते. ती संपत आली की माणूस वर यायला बघतो, म्हणून वजन शेवटाकडे पाहून ठरवायचं. प्रशिक्षकांनी सिलिंडर ५० बारवर आल्यावर मला अर्धा श्वास घेऊन स्थिर राहायला सांगितलं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं होतं. पाच वड्यांनी मी सरळ खाली गेलो. एक काढली, आणि पाणी बरोबर डोळ्यांशी आलं.

पाचवी वडी काकांनी होडीच्या नांगराजवळ दोरीला बांधली आहे.