ओल्ड हंड्रेड पेटीवर, भाग ४: धैवत बिघडला, मध्यम सापडला

मागच्या नोंदीत धैवत २२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढवायचं ठरलं होतं. चढवला. आता मंद्र धैवताचा मेलचा (दोन रीड-बँकांपैकी वरच्या आवाजाच्या बँकेतला) रीड, म्हणजे पितळी जीभ, मुळाशी चिरलाय, आणि ज्या कॉर्डसाठी हा खटाटोप केला तिची गरजच नव्हती असं दिसतंय.

नव्यांसाठी थोडक्यात. पेटी डबल, बास-मेल, ४२ पट्ट्यांची, सी ते एफ. गांधार ट्यूनिंग (एक सा धरून बाकीचे स्वर शुद्ध गुणोत्तरांत लावलेले), सा काळी एक. त्यावर ओल्ड हंड्रेड ही जुनी ख्रिस्ती स्तोत्राची चाल तीन-तीन स्वरांच्या कॉर्डमध्ये बसवायचंय, कारण डावा हात भात्यावर अडकलेला असतो. चाल अशी:

सा सा नि ध प सा रे ग
ग ग ग रे सा म ग रे
सा रे ग रे सा ध नि सा
प ग सा रे म ग रे सा

पहिल्या ओळीतले नि-ध-प आणि तिसऱ्या ओळीतले ध-नि मंद्र सप्तकातले. सगळा पल्ला मंद्र प ते मध्य प, बरोब्बर एक सप्तक.

दुखणं रे-म-ध या कॉर्डचं. गांधार ट्यूनिंगमध्ये रे सा च्या ९/८ पट आणि ध ५/३ पट धरतात. त्या दोघांतला पंचम ७०२ सेंटचा हवा, तो भरतो ६८०. काळी दोन आणि काळी पाच एकत्र दाबली की सूर सेकंदाला साडेअकरा वेळा डोलतो. साध्या समान ट्यूनिंगच्या (सगळे अर्धे स्वर सारख्या अंतरावर) पेटीवर हीच जोडी सेकंदाला जेमतेम एकदा डोलते. युरोपातले ऑर्गनवाले असल्या पंचमाला लांडगा म्हणतात. नाव चपखल आहे.

धैवत २७/१६ वर नेला की रे-ध शुद्ध होतो, हा मागचा हिशेब चुकीचा नव्हता, अर्धवट होता. ध चढला की ध-ग ६८० वर येतो, म्हणजे लांडगा ध-सा-ग मध्ये जाऊन बसतो. शिवाय म-ध-सा मधला ध ३८६ ऐवजी ४०८ वर जातो. रे उतरवून १०/९ करावा तर प-रे फाटतो, आणि प-नि-रे ही तर जवळजवळ प्रत्येक ओळीत लागणारी कॉर्ड. २२ सेंट कुठेतरी राहणारच. गादीखालचा उंचवटा आहे तो, इकडे दाबला की तिकडे वर येतो.

थोडे थोडे सेंट सगळ्यांत वाटायचे, म्हणजे मीनटोन, हाही पर्याय कागदावर मांडला. ग जागेवर ठेवून प साडेपाच सेंट खाली, रे अकरा खाली, ध साडेपाच वर, म तेवढाच वर, नि तेवढाच खाली. पाच स्वर, दोन्ही बँक मिळून ३४ रीड. वर सा-प सेकंदाला अडीच वेळा डोलायला लागणार. पेटी नंतर गाण्याच्या साथीला जायची असेल तर हे करूच नका.

आता रीड का चिरला ते. स्वर चढवायचा तर टोकाकडे खरवडायचं, उतरवायचा तर मुळाकडे, रिव्हेटच्या जवळ. धैवताचे मेलचे तीन रीड टोकाला खरवडून चढवले, ध-सा-ग ऐकल्यावर परत उतरवायला मुळाशी खरवडले. २२ सेंट जायचे आणि २२ यायचे, पितळ दोन्हीकडून पातळ झालं. तिघांतला सगळ्यात लांब रीड मंद्राचा, त्याची चीर रिव्हेटला लागूनच गेली. सहा-सात सेंटच्या पुढे जायचं असेल तर दुसरा रीडच घ्यावा. पालीताण्याचा सुटा रीड चालेल, फक्त लांबी आणि खाच जुळवून घ्या. आणि खरवडल्यावर लगेच मोजू नका. पितळ हाताने, घासण्याने तापलेलं असतं. पाच मिनिटं थांबा, रीड जागेवर बसवा, झाकण बंद करा, भाता एकसारखा ठेवा, मग मोजा. उघड्या पेटीतलं माप खोटं असतं. मोबाइलच्या ॲपमध्ये काटेवाल्यापेक्षा फिरत्या पट्ट्यांचं घ्या; काटा भात्याच्या प्रत्येक दाबाला नाचतो.

तुटका रीड बदलून धैवत जवळपास ५/३ वर परत आला. मग सहज म्हणून पेटी मध्यमात वाजवून पाहिली, म्हणजे सा काळी तीन. आणि गणित उलटलं.

काळी तीनवरून मोजलं तर काळी चार रे होते (२०४), काळी पाच ग (३८६, शुद्ध), काळी एक प (७०२), पांढरी चार नि (१०८८, शुद्ध), आणि काळी दोन ध होते, ९०६ वर. म्हणजे जो धैवत कानशीने आणायचा होता, तो तिथे आयताच आहे. रे-ध शुद्ध. लांडगा ध-सा-ग मध्ये आहे, पण ही कॉर्ड या चालीत टाळता येते. म म्हणजे पांढरी सात. हा मूळ पट्टीतला कोमल निषाद. तो १६/९ वर असेल तरच म ४९८ वर येतो. ९/५ चा असेल तर म ५२० वर जाऊन सगळं फिसकटतं. आधी तेवढा एक स्वर तपासा.

दुसरा फायदा उंचीचा. पुस्तकांतून ही चाल बहुधा जी मध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये असते. काळी तीन तिच्या अर्धाच स्वर खाली. काळी एकमध्ये बायकांना मंद्र प जड जातो, मंडळी पहिल्याच ओळीत पुटपुटायला लागते.

शेवटची ओळ आता अशी बसलीय, वरून खाली: प-ग-सा, ग-सा-प, सा-प-ग, रे-नि-प, म-नि-प, ग-सा-प, रे-नि-प, सा-प-ग. पहिला प सोडून बाकीचे प आणि नि मंद्रातले, सा-प-ग मधला तळाचा ग सुद्धा. म वर रे मुद्दाम गाळलाय: म-रे २९४ भरतो, कानाला टोचतो. तिसऱ्या स्वरावर सा-ध-म मोह पाडते, पण तिथून रे-नि-प वर जाताना तिन्ही बोटं एकदम वर सरकतात आणि ऐकू येतात. पहिल्या ओळीतल्या मंद्र ध खाली म-सा ठेवलेत. तिथला ४०८ चा ध समान ट्यूनिंगच्या ४०० पेक्षा आठच सेंट जास्त, चालून जातो. कपलर (दोन सप्तकं जोडणारी कळ) बंद. चालू ठेवला की खालचं सप्तक मिसळून चिखल होतो.

शेवटचा सा-प-ग मात्र पुन्हा पुन्हा दाबून ऐकावा. भाता मंद सोडला तरी तीन स्वर एकाच नळीतून आल्यासारखे उभे राहतात, डोल नावालाही नाही.

गंमत म्हणजे १५५१ च्या जिनिव्हात ही चाल छापली गेली तेव्हा (स्तोत्र १३४ साठी, लुई बुर्ज्वाच्या नावावर, १०० वं तिला नंतर इंग्रजीत चिकटलं) तिथल्या चर्चमध्ये कॉर्डचा प्रश्नच नव्हता. सगळे एकाच स्वरात, वाद्याशिवाय गात. क्लोद गूदिमेल या फ्रेंच संगीतकाराने चार आवाजांत बसवलेली स्तोत्रं घरी गाण्यासाठी होती. परवानगीशिवाय चाली बदलल्या म्हणून बुर्ज्वाला त्याच वर्षी कोठडी झाली होती, तिथला धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मध्यस्थीने दुसऱ्या दिवशी सुटला. पेटीवाल्यांनी जपून.

पुढे लय घ्यायची होती, ते लांबणीवर. जुन्या छापाच्या पहिल्या ओळीत पहिला स्वर लांब, मधले चार आखूड, शेवटचे तीन लांब. आजच्या सपाट चालीपेक्षा ती कितीतरी जिवंत आहे. पण मध्यमात तीव्र म, म्हणजे पांढरी एक, ५९० वर येतो आणि रे-तीव्र म-ध पूर्ण शुद्ध लागते, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. मग आधी सेंट ॲन ही दुसरी स्तोत्राची चाल. विल्यम क्रॉफ्टची, १७०८ ची. दुसऱ्या ओळीत नेमका हाच तीव्र मध्यम लागतो. काळी एकमध्ये ती बसण्याची आशाच नव्हती. बदललेला धैवताचा रीड अजून दोन सेंट वर आहे, तो आठवडाभर वाजून बसला की सुरुवात.